आठवा चौकोन

१

बुधवारी सकाळी साडेनऊला ‘ज्ञानमेरू क्लासेस’च्या तळघरातलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा नऊ परीक्षा केंद्रांच्या नऊ गठ्ठ्यांच्या जागी आठच गठ्ठे होते. गेवराईचा होता, केजचा होता, धर्मापुरीचा होता. तेलगावचा नव्हता. बेचाळीस पोरांच्या उत्तरपत्रिका लाल दोऱ्यासकट गायब होत्या.

महादेवीबाई हातात लाल पेन घेऊन कपाटासमोर उभ्या होत्या. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. क्लासच्या मोफत जागांच्या परीक्षेत विज्ञानाचा पेपर त्यांनीच काढला होता, आणि तपासायलाही त्याच आल्या होत्या. वीस पोरांना दोन वर्षं फुकट शिकवायचं ठरलं होतं. ती वीस पोरं तरी नीट निवडली जावीत, एवढ्याचसाठी त्यांनी हे काम घेतलं होतं. क्लासचे संचालक वीरभद्रअप्पा यांच्याबद्दल आदर वाटून घेतलं नव्हतं.

अप्पा पूर्वी खतं-बियाणं विकत. बीडमध्ये कापसापेक्षा गुणांना भाव जास्त आहे, हे त्यांना इतरांच्या आधी कळलं. त्यांनी बस स्टँडजवळच्या एका कॉम्प्लेक्सचं तळघर घेतलं, भिंतींवर हसऱ्या पोरांचे फोटो चिकटवले आणि स्वतःचा सर्वांत मोठा फोटो दारात लावला. सातवीत ते बाईंच्या वर्गात होते. पाढे तोंडपाठ असत. कशाला कशाने गुणायचं, एवढंच कळत नसे.

“बाई, चोर सापडलाय,” अप्पा म्हणाले. “फौजदार साहेबांना फोन केला. चार वाजता येतो म्हणले.”

“कोण आहे चोर?”

अप्पांनी अंगठा मागे केला. बाकावर सद्दाम बसला होता. तेवीस-चोवीस वर्षांचा, मनगटाला काळी टेप चिकटलेली. क्लासमधले आठही कॅमेरे त्यानेच तीन महिन्यांपूर्वी बसवले होते. त्याचा मोबाइल अप्पांच्या खिशात होता.

“काल अकरा ते दोन सात कॅमेरे चालू होते. ह्या कपाटावरचा आठवाच तेवढा बंद. आपोआप बंद होतो का? वायर यानं जोडलेली. यानंच काहीतरी करून ठेवलं आणि कुणालातरी आत सोडलं.”

“बाई, मी काल धर्मापुरीला होतो,” सद्दाम म्हणाला. “देवळापाशी एका दुकानात इन्व्हर्टर बसवीत होतो. इचारा त्यांना.”

“तू नसशील, तुझे दोस्त असतील,” अप्पा म्हणाले.

“बेचाळीस पोरांचे पेपर घेऊन माझे दोस्त काय करतील, अप्पा? पुड्या बांधतील?”

बाईंना ती बोचरी अक्कल आवडली. पण एकदा फौजदाराच्या वहीत नाव चढलं, की या पोराला पुन्हा कुणी घरात कॅमेरा बसवायला बोलावणार नव्हतं. खोटं ठरलं तरी नाही. लोक म्हणतील, तोच ना तो, चोरीतला. पोटाचा धंदाच विश्वासाचा होता.

बाईंनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. पावणेदहा झाले होते.

“चारपर्यंत वेळ आहे,” त्या म्हणाल्या. “मी जरा विचारपूस करते. आणि वीरभद्र, तू मधे बोलू नकोस. सातवीतही तुला ते जमत नव्हतं.”

२

सन दोन हजार नऊच्या जूनमध्ये बीडचं सगळं जगणं लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर चालत होतं. पिठाची गिरणी, केस कापणं, सोयरिकीची बोलणी, सगळं लाईटच्या वेळा बघून ठरे. या भागात लाईट सकाळी अकराला जाई आणि दोनला येई. तळघराला खिडकी नव्हती. म्हणून अकराला क्लास सुटे, सगळे वर येत आणि पुढच्या ग्रिलला कुलूप लागे. इन्व्हर्टरवर फक्त कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर आणि अप्पांच्या केबिनमधला पंखा होता. पोरांच्या डोक्यावर एक दिवा ठेवावा, असं अप्पांना कधी वाटलं नव्हतं.

सगळं कुलूपबंद असताना आत यायला एकच वाट होती: मागचा जिना. तो थेट कपाटाच्या खोलीत उतरे. रात्री कॉम्प्लेक्सचं शटर पडलं की तीही वाट बंद. त्या दाराची किल्ली स्टाफरूममध्ये खिळ्याला टांगलेली असे. म्हणजे किल्ली असणारी आणि नसणारी माणसं सारखीच. कपाटाचं कुलूप तर केसातल्या आकड्याने उघडेल असं होतं.

“नऊ गठ्ठ्यांतून चोराने एकच नेला,” बाई मनाशी म्हणाल्या. “हाताला लागेल तो नाही. तेलगावचाच.”

तेलगावशी संबंध असलेली क्लासमध्ये तीन माणसं होती.

पहिला सिदू, शिपाई. तेलगावचा गठ्ठा एसटीतून मांडीवर घेऊन त्यानेच आणला होता.

“लाईट गेली की मी समद्यांला भायेर काढतो, ग्रिल लावतो आन् वर जाऊन च्या पितो,” सिदू म्हणाला. “खाली एकटा थांबत न्हाई, बाई.”

“का रे?”

“ते कॅमेरे. लाईट गेली की समद्यांचे डोळे लाल व्हत्यात. बारीक बारीक इंगळ. अंधारात बी बघत्यात म्हणं. तंबाखू मळायची चोरी.”

“कपाटावरच्या कॅमेऱ्याचे होतात?”

“तिकडं मी कशाला मरायला जाऊ? ग्रिलपासून जेवढे दिसत्यात तेवढ्यांचं सांगितलं.”

दुसरी कावेरी, ऑफिसची कारकून. माहेर तेलगावचं. तिची भाची शिवानी त्याच बेचाळीस पोरांत होती.

“काल अकराला मी घरी गेले, बाई. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. अख्खी गल्ली साक्षीला आहे, हंडे घेऊन.”

“शिवानीला पेपर कसा गेला?”

“एकदम सोपा, म्हणाली. सगळं बरोबर लिहिलं म्हणे. घरचे तर धरूनच बसलेत, हिची जागा पक्की. आता काय तोंड दाखवू त्यांना?” मग सद्दामकडे बघून हळूच म्हणाली, “अप्पा लई घाई करतायत, बाई. त्याचं कोटेशन माझ्या फाइलला आहे. ते तरी बघा.”

तिसरे विश्वेश्वर सर. गणित शिकवत. अप्पांचे मेव्हणे, त्यामुळे इतरांपेक्षा अर्धा तास उशिरा येत आणि कुणी काही बोलत नसे. तेलगाव केंद्रावर पर्यवेक्षक तेच होते, आणि दिवाळीनंतर तिथे क्लासची शाखा त्यांच्याच नावाने निघायची होती. बोलताना ते समोरच्याच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत, जणू तिथे फळा आहे.

“मी काल जेवायला घरी होतो,” ते म्हणाले. “यात शोधण्यासारखं काही नाही, बाई. कॅमेरे उत्तम आहेत. माझं हेल्मेट हरवलं होतं मे महिन्यात. सद्दामकडून रेकॉर्डिंग लावून घेतलं आणि दीड तास बसून सगळं पाहिलं. सव्वाअकराला, ग्रिल लावताना, या सिदूनेच उचलून जिन्यात ठेवलं होतं. अंधारातसुद्धा मिशी दिसत होती त्याची. असे कॅमेरे. कालपर्यंत चोख चालले. मग कालच एक बंद कसा पडतो? कुणीतरी मुद्दाम बिघडवला.”

“बरोबर आहे तुमचं,” बाई म्हणाल्या. मुलांचं चुकलेलं उत्तरही त्या आधी असंच शांतपणे ऐकून घेत. “सर, तुम्ही गणिताचे. पण सहज विचारते. माझ्या पेपरात एक प्रश्न होता. पावसाळ्यात मीठ ओलं का होतं?”

सर हसले. “सोपं आहे. मिठात मुळातच पाणी असतं. पावसाळ्यात थंडीने ते बाहेर सुटतं.”

“असं,” बाई म्हणाल्या.

आणि लाईट गेली.

३

तळघरात अंधार किती असतो, हे वर उन्हात चहा पिणाऱ्याला कळत नाही. हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसेना. मग छतावर एकेका जागी बारीक लाल ठिपके पेटले. सिदू म्हणत होता तसे इंगळ.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “कुणी वर जायचं नाही. वीरभद्र, तुझ्या केबिनमधला टीव्ही लाव.”

“लाईट गेलीय ना, बाई.”

“इन्व्हर्टरवर लाव.”

“बॅटरी उतरंल. म्हणून तर टीव्ही त्याच्यावर घेतला न्हाई.” घाईत अप्पांची पुस्तकी भाषा सुटली.

“म्हणजे लोडशेडिंगमध्ये कॅमेरे काय बघतात, ते त्याच वेळी टीव्हीवर कुणीच बघितलेलं नाही?”

तीन महिने अप्पांनी आल्यागेल्याला तो टीव्ही दाखवला होता. पालक आले की रिमोटने तो उगीच बंद करून पुन्हा लावत. पण जेव्हा बघायची गरज, तेव्हाच तो बंद असे, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

सद्दाम उठला. कावेरीने आपल्या मोबाइलचा उजेड धरला. त्याने पंख्याची पिन काढली आणि टीव्हीची खोचली. अप्पा घामाघूम होऊन उभे राहिले.

पडद्यावर एकदम आठ चौकोन आले. पहिला अप्पांच्या केबिनचा, करडा, त्यात अप्पांचं टक्कल. दुसरा, तिसरा, चौथा. रिकामे बाक, रिकामी वाट, ग्रिल. सातव्यापर्यंत सगळं दिसत होतं.

आठवा चौकोन काळा होता. आज त्याला कुणी हातही लावला नव्हता.

४

“भूत,” सिदू म्हणाला.

“भूत नाही. गुणाकार,” बाई म्हणाल्या. “चला फळ्यापाशी.”

कावेरीने उजेड धरला. बाईंनी खडू अप्पांच्या हातात दिला. क्लासच्या मालकाला क्लासच्या फळ्यापाशी उभं राहायची ही पहिलीच वेळ असावी.

“सद्दाम, या कॅमेऱ्यांना वीज कुठून मिळते?”

“त्या स्विचच्या डब्यातून, बाई. आठ भोकं हायत त्याला, दर कॅमेऱ्याला एक. एकाच केबलीतून वीज जाती आन् त्याच केबलीतून चित्र येतं. कॅमेऱ्यापाशी येगळा प्लग लागत न्हाई.”

“एका कॅमेऱ्याला किती लागते?”

“उजेड असला तर पाच वॅट. अंधार झाला की त्याचे लाल दिवे लागत्यात. मग साडेआठ.”

“आणि डबा सगळ्यांना मिळून किती देऊ शकतो?”

“बासष्ट.”

“लिही, वीरभद्र. आठ पंचे?”

“चाळीस.”

“बासष्टात बसले? बसले. म्हणून उजेडात सगळं ठीक. आता आठ साडेआठ?”

अप्पांनी फळ्यावर खडू टेकवला आणि टेकवूनच ठेवला. सिदूने मागून सांगितलं, “अडुसष्ट.” तो चौथी नापास होता, पण दुधाचा हिशेब रोज करत होता.

“अडुसष्ट. टाकीत पाणी बासष्ट आणि मागणी अडुसष्ट. वीरभद्र, तुझ्या इमारतीत सकाळी सगळ्या बिऱ्हाडांनी एकदम तोट्या उघडल्या तर काय होतं?”

“शेवटच्या बिऱ्हाडात नुसती हवा येती.”

“तसंच. हा डबा सगळ्यांना थोडं थोडं कमी देत नाही. पहिल्या भोकापासून पुरवत जातो आणि पुरेना झालं की शेवटच्याला तोडतो. साता साडेआठ किती?”

“साडेएकोणसाठ,” पुन्हा सिदू.

“ते बासष्टात बसतात. म्हणून सात चालतात आणि आठवा मरतो. लाईट आली, लाल दिवे विझले, की आठवा पुन्हा जिवंत. हे कालच नाही झालं. तीन महिने रोज अकराला होतंय. दिवे मालवले की रात्रभरही होत असणार. काल चोरी झाली म्हणून तुम्ही पहिल्यांदा बघितलं.”

अप्पांचा चेहरा उजळला. अशा माणसांना दुसऱ्याची चूक सापडल्याचा भास झाला की ते असेच उजळतात. “म्हणजे दोष यानं बसवलेल्या डब्याचाच ना, बाई. मी तेच म्हणत होतो.”

“कावेरी, ते कोटेशन.”

कावेरीने फाइल उघडून कागद उजेडात धरला. सद्दामच्या अक्षरात, मराठीत, स्वच्छ लिहिलं होतं: सर्व कॅमेऱ्यांचे अंधारातले दिवे एकदम लागल्यास आठ पोर्टचा स्विच कमी पडेल. सोळा पोर्टचा, एकशेतीस वॅटचा घ्यावा. त्याखाली लाल शाईत, संचालकांच्या सहीने: नको. आठ पुरे.

“मी लई सांगितलं, बाई,” सद्दाम म्हणाला. “अप्पा म्हणले, कॅमेरे किती? आठ. भोकं किती? आठ. मग कावून मोठा घ्यायचा? मी म्हणलं, भोकं मोजू नका, वॅट मोजा. तर म्हणले, तू मला शिकवू नको बे, माझा शिकवायचाच धंदा हाय.”

सिदू अंधारात हसला. कुणी त्याला दटावलं नाही, हेच पुष्कळ होतं.

“मग म्हणलं, निदान कपाटावरचा कॅमेरा एक नंबरला लावू,” सद्दाम पुढे म्हणाला. “तर अप्पांनी यादी दिली. एक नंबर अप्पांची केबिन. दोन नंबर इश्वेश्वर सरांचा वर्ग. तीन नंबर पाहुण्यांचा सोफा. असं करत करत कपाट आठवं.”

कॅमेऱ्यांचे नंबरही लग्नपत्रिकेतल्या नावांसारखे मानाने लावले होते. मोठे आधी, धाकटे नंतर आणि जिथे राखण हवी ते सगळ्यांत शेवटी. त्या सोफ्यावरून आजवर कुणी काय नेलं असतं? एखादी उशी.

“कपाटाला कसला मान,” अप्पा पुटपुटले.

“म्हणूनच चोराने तिथेच हात घातला,” बाई म्हणाल्या. “सद्दाम चोर नाही. जो अडचण आधी लिहून देतो, तो तिचा फायदा घ्यायला येत नाही. पण काल कुणीतरी आठव्या कॅमेऱ्यासमोरून निवांत आलं आणि गेलं. कॅमेऱ्यावर फडकं टाकलं नाही, तो फिरवला नाही, वायर तोडली नाही. तो आंधळा आहे, हे त्याला माहीत होतं. प्रश्न एवढाच की कसं माहीत होतं?”

विश्वेश्वर सर म्हणाले, “मी जरा वर जाऊन येतो. खाली गुदमरतंय.”

“बसा, सर,” बाई म्हणाल्या. “तास संपलेला नाही.”

५

“मुलांना मी एक गोष्ट नेहमी सांगते,” बाई म्हणाल्या. “उत्तर शोधू नका, आधी वाट बंद करा. जिथून उत्तर येऊ शकत नाही ती वाट बंद. मग उरते ती.”

त्या बोटं मोजू लागल्या. “आठवा आंधळा होतो हे टीव्हीवर कळलं असतं का? नाही. लाईट गेली की टीव्हीही जातो. ती वाट बंद. खाली उभं राहून कळलं असतं का? ग्रिल लावल्यावर खाली कुणी नसतं, आणि सिदू तर त्या खोलीकडे फिरकतही नाही. तीही बंद. कोटेशन वाचून? त्यात कुठला कॅमेरा मरेल ते लिहिलेलंच नाही. उरली एकच: लोडशेडिंगच्या वेळचं जुनं रेकॉर्डिंग ज्याने बसून पाहिलं, तो.”

सिदूने सरांकडे बघितलं.

“सद्दाम, रेकॉर्डिंग लावलं की काय दिसतं?”

“हेच, बाई. आठ चौकोन एकदम. एकटा मोठा करायचं मी कुणालाच शिकवलेलं न्हाई.”

“आजवर कितीदा लावलंस?”

“आज सकाळचं सोडलं तर एकदाच. मे महिन्यात. सरांच्या हेल्मेटसाठी. सर म्हणले, लाव आन् तू जा, मी बघतो.”

सर भिंतीकडे बघत होते. अंधारात तिथे काही नव्हतं.

“सव्वाअकराला सिदूची मिशी दिसली, असं तुम्हीच सांगितलंत,” बाई म्हणाल्या. “अकराला लाईट गेली. म्हणजे त्या वेळी तुमच्यासमोर सात चौकोन करडे होते आणि एक काळा. दीड तास. आणि तरी आज सकाळी तुम्ही मला म्हणालात की कालपर्यंत सगळे चोख चालले. मूल चुकीचं उत्तर देतं ते माहीत नसतं म्हणून. तुम्हाला माहीत होतं.”

“माझं लक्ष हेल्मेटकडे होतं,” सर म्हणाले. “मी बाकीचं कशाला बघू? आणि बेचाळीस खेडवळ पोरांच्या कागदांचं मी काय करणार? माझंच केंद्र आहे ते. मला तर त्यांचा निकाल हवाय.”

“हे मात्र पटण्यासारखं आहे,” अप्पा लगेच म्हणाले. “त्याची शाखा निघायचीय तिथं. तो कशाला स्वतःच्याच पायावर…”

आक्षेप खरा होता, आणि खऱ्या आक्षेपाला बाई नेहमी मान देत, मग तो कुणाच्याही तोंडून येवो.

“कावेरी, शिवानीच्या घरी फोन लागेल?”

लागला. फोनचा आवाज मोठा केला. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट होता.

“शिवानी, मी महादेवीबाई. तुझा पेपर मी काढला होता. भिऊ नको, तुझं काही चुकलेलं नाही. मीठ ओलं का होतं, या प्रश्नाचं तू काय लिहिलंस?”

पोरीने एका दमात म्हटलं, “मिठात मुळातच पाणी असतं. पावसाळ्यात थंडीने ते बाहेर सुटतं.”



“छान पाठ आहे. कुणी सांगितलं हे?”

“सरांनी फळ्यावर लिहिलं होतं. सगळी उत्तरं लिहिली. म्हणाले, सगळ्यांनी हेच लिहा, आपल्या तेलगावचं नाव झालं पाहिजे.” मग ती जरा थांबली. “बाई, पण मला वाटत होतं की हवेतलं पाणी मीठ ओढून घेतं. आमच्या घरी बरणीचं झाकण घट्ट लावलं की नाही होत ओलं. पण सर म्हणाले हेच लिही.”

“तुझं बरोबर होतं, बाळ,” बाई म्हणाल्या. “पुन्हा पेपर घेईन तेव्हा तुझंच लिही.”

त्यांनी फोन कावेरीकडे दिला. चोरीचा राग त्यांना फार आला नव्हता. चोर पुष्कळ पाहिले होते. पण एका पोरीला घरच्या बरणीतून खरं उत्तर सापडलं होतं आणि या माणसाने ते तिच्याकडून खोडून घेतलं होतं. तेही स्वतःला येत नसताना.

“उत्तरं फळ्यावर लिहून दिलीत,” त्या म्हणाल्या. “आपल्या शाखेची पोरं पहिली आली की जाहिरात होईल म्हणून. सोमवारी संध्याकाळी वीरभद्रने तुम्हा सगळ्यांना सांगितलं की विज्ञानाचे पेपर मी स्वतः वाचणार. मग तुम्हाला कळलं की बेचाळीस पोरं एकच उत्तर एकाच शब्दांत लिहितात, ते मला पहिल्या पाच पानांत दिसेल. निकाल तुम्हाला हवा होता, सर. पेपर नको होते.”

विश्वेश्वर सर आता कुणाच्याच डोक्यावरून बघत नव्हते.

“पोरांचं भलंच करत होतो,” ते म्हणाले.

“गठ्ठा कुठे आहे?”

“घरी. बंबात घातला. काल दुपारीच.”

“बेचाळीस पोरांच्या पेपरांवर आंघोळ केलीत?”

सरांनी मान खाली घातली. म्हणजे केली असावी.

६

दोनला लाईट आली आणि आठवा चौकोन पुन्हा उजळला. कपाट त्यात अगदी स्वच्छ दिसत होतं.

उजेडात अप्पांना पुन्हा संचालक झाल्यासारखं वाटलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढून सद्दामसमोर बाकावर ठेवला.

“जा बे आता. मिटलं सगळं. गैरसमज व्हतो माणसाचा.” मग बाईंकडे वळून आवाज खाली केला. “घरातली गोष्ट हाय, बाई. पोरांची परीक्षा पुन्हा घेऊ, तुमी म्हणाल तशी. फौजदाराला सांगतो, गठ्ठा सापडला. कुणाचं नाव कशाला? माझी बायको त्याची बहीण हाय. मला घरी जायचंय.”

“याचं नाव सकाळी दिलंस, तेव्हा याला घर नव्हतं?”

“त्याचं काय नाव खराब झालं? लिहिलं कुठं अजून कुणी?”

सद्दामने मोबाइल उचलला नाही. तो बाकावरच बसून राहिला.

“जा म्हणलं ना,” अप्पा म्हणाले.

“बसतो, अप्पा. सकाळपासून तुमीच बसवलंय. साहेब येईस्तोवर बसतो. वर टपरीवर समदे इचारायलेत, काय केलं बे तू म्हणून. मी न्हाई केलं म्हणलो तर कोण ऐकतंय? तुमी म्हणा.”

“बाई, तुमी सांगा याला.”

“मी कशाला सांगू? धडा त्याचा पाठ आहे,” बाई म्हणाल्या, आणि गेवराईचा गठ्ठा पुढे ओढून तपासायला बसल्या.

दोन तास तळघरात बाईंच्या लाल पेनाचा तेवढा आवाज येत होता. विश्वेश्वर सर सोफ्यावर बसले होते. सिदूने सगळ्यांना चहा आणला, आणि सरांच्या पुढ्यात ठेवायचा की नाही हे न कळून तो कप स्वतःच प्यायला.

चार वाजून दहा मिनिटांनी फौजदार सुंदरराव आले. रुमालाने मान पुसत खुर्चीवर बसले, वही उघडली.

“हं. हाच का तो?”

“नाही,” अप्पा म्हणाले. एकदा म्हटलं, कुणाला ऐकू गेलं नाही. मग घसा साफ करून पुन्हा म्हणाले, “नाही. याचा काही संबंध नाही. माझी चूक झाली.”

हे शब्द त्यांच्या तोंडाला नवे होते. ते नव्या चपलेसारखे चावत असावेत.

“मग कुणी नेला गठ्ठा?”

अप्पांनी बाईंकडे बघितलं. बाई पान उलटत होत्या. त्यांनी कावेरीकडे बघितलं, ती फाइल आवळून बसली होती. “अज्ञात इसम लिहा ना, साहेब,” अप्पा म्हणाले. “आता माणूस कसा ओळखायचा, अंधार होता…”

सद्दाम उठून उभा राहिला.

“साहेब, सकाळी फोनवर माझं नाव सांगताना अप्पांनी बापाचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, मशिदीच्या मागचं तिसरं घर सांगितलं,” तो म्हणाला. “मी हितंच बसलेलो होतो. समदं पाठ होतं त्यांला.”

फौजदारांनी पेन उघडलं आणि अप्पांकडे बघत राहिले.

सोफ्यावरून स्प्रिंगचा आवाज आला. अप्पांनी मेव्हण्याचं नाव सांगितलं. मग बापाचं. मग पत्ता. फौजदार लिहीत गेले. एका जागी त्यांना ऐकू आलं नाही, तेव्हा अप्पांना ते मोठ्याने पुन्हा सांगावं लागलं.